यीस्ट आणि जीनोम संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांना मी यीस्टचं जनुकशास्त्र शिकवतो. सुट्टीतली कार्यशाळा संपली की व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात. काही मुलांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे, काही साखर कारखान्यांतल्या केमिस्ट मंडळींचे. तेच उत्तर पंचविसाव्यांदा टाइप करताना अंगठा दुखायला लागला, म्हणून हे पान. सोपे प्रश्न वर आहेत, डोकं खाणारे खाली.

१. यीस्ट म्हणजे बॅक्टेरियाच ना?

नाही. यीस्ट ही एका पेशीची बुरशी आहे. बॅक्टेरियाच्या पेशीत केंद्रक नसतं, यीस्टच्या पेशीत असतं. गुणसूत्रं, मायटोकॉन्ड्रिया, प्रथिनांची ने-आण करणाऱ्या पिशव्या, असा आपल्या पेशीतला बहुतेक संसार तिथे आहे. या हिशेबाने यीस्ट बॅक्टेरियापेक्षा तुम्हाआम्हाला जवळचं.

आपल्याकडे मिसळीबरोबर जो स्लाइस ब्रेड येतो, त्याची जाळी याच पेशींनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने पडलेली असते. एक पेशी साधारण ५ मायक्रोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरच्या ओळीत दोनशे बसतील. शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. खाली नुसतं 'यीस्ट' म्हटलं की हीच जात समजा. दुसऱ्या एका प्रसिद्ध जातीबद्दल प्रश्न ११ पाहा.

२. माणसाचे आजार समजून घ्यायचे तर माणसावर संशोधन करावं. यीस्ट कशाला?

माणसाचं एक जनुक मुद्दाम मोडून काय होतं ते बघता येत नाही. यीस्टचं येतं. दर दीड तासाला त्याची संख्या दुप्पट होते, खायला थोडी साखर लागते, आणि संध्याकाळी प्लेटवर पसरलेल्या पेशींच्या कॉलनी दोन दिवसांत डोळ्यांना दिसतात. शिवाय यीस्ट एकाच गुणसूत्र-संचावर जगू शकतं. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, एक बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. एकसंची यीस्टमध्ये सांभाळून घेणारं कोणी नसतं, बिघाड लगेच उघडा पडतो.

पण यीस्टमध्ये कळलेलं माणसाला लागू कसं पडेल? १९८७ साली मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी याचं सरळ उत्तर दिलं. पेशीविभाजनाचं एक महत्त्वाचं जनुक बिघडलेलं फिशन यीस्ट (ही वेगळी जात, प्रश्न ११) त्यांनी घेतलं आणि त्यात माणसाच्या जनुकांचा अख्खा संग्रह सोडला. माणसाच्या एका जनुकाने ते काम उचललं आणि अडलेलं विभाजन सुरू झालं. पुढे २०१५ मध्ये टेक्ससमधल्या गटाने यीस्टला जगण्यासाठी लागणारी ४१४ जनुकं घेतली आणि एकेकाच्या जागी माणसाचं जनुक लावून पाहिलं. जवळपास निम्म्या ठिकाणी यीस्ट जगलं. एवढा जुना भाऊबंद, आणि निम्मे सुटे भाग अजून बसतात!

३. यीस्टचा जीनोम केव्हा वाचला? किती मोठा आहे?

१९९६ साली. जीनोम म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा मजकूर, चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला. केंद्रक असलेल्या सजीवांत हा पहिलाच. सुमारे १.२ कोटी अक्षरं, १६ गुणसूत्रं, अंदाजे ६,००० जनुकं. माणसाचा जीनोम ३०० कोटी अक्षरांच्या वर, पण प्रथिनं बनवणारी जनुकं २०,००० च्या आसपासच. याचं कारण यीस्टचा जीनोम गच्च भरलेला आहे. जनुकाला जनुक लागून, जसं शाहूपुरीत दुकानाला दुकान लागून. आपल्या जीनोमात मधलं माळरान फार.

युरोप, अमेरिका, कॅनडा, जपान इथले सहाशेहून जास्त शास्त्रज्ञ या कामात होते आणि गुणसूत्रं वाटून घेतली होती. आधी १९९२ मध्ये तिसरं गुणसूत्र वाचून झालं. कुठल्याही सजीवाचं पूर्ण वाचलेलं ते पहिलं गुणसूत्र, ३.१५ लाख अक्षरांचं.

४. एका पुस्तकात ५,८८५ जनुकं लिहिली आहेत, दुसऱ्यात ६,६००. परीक्षेत काय लिहू?

'सुमारे ६,०००' लिहा, कोणी मार्क कापणार नाही.

फरक पडतो तो मोजण्याच्या पद्धतीमुळे. संगणक 'सुरू' आणि 'थांब' या खुणांच्या मधला पुरेसा लांब मजकूर जनुक म्हणून धरतो. ५,८८५ हा १९९६ च्या शोधनिबंधातला आकडा. ६,६०० च्या यादीत अशा सगळ्याच जागा येतात, आणि त्यातल्या काही शे 'संशयास्पद' असा शेरा मारून ठेवलेल्या आहेत. नात्यातल्या इतर यीस्टमध्ये तो मजकूर टिकलेला दिसत नाही, म्हणून तिथे खरं प्रथिन बनत असेल यावर विश्वास बसत नाही.

जीनोमच्या लांबीतही अशीच मेख आहे. बाराव्या गुणसूत्रावर रायबोसोमच्या आरएनएचा सुमारे ९,१०० अक्षरांचा एक तुकडा शंभर-दोनशे वेळा ओळीने येतो. छापील जीनोममध्ये तो दोनदाच दाखवलाय. त्यामुळे खऱ्या पेशीतला डीएनए पुस्तकातल्यापेक्षा दहा-पंधरा लाख अक्षरांनी जास्तच भरतो.

५. 'वायएफएल०३९सी' हे कसलं नाव? वाहनाचा नंबर वाटतो.

एमएच-०९ म्हटलं की गाडी कोल्हापूरची हे कळतं, तसंच आहे हे. 'वाय' म्हणजे यीस्ट. 'एफ' हे सहावं अक्षर, म्हणजे सहावं गुणसूत्र. 'एल' म्हणजे डावी बाजू. ०३९ म्हणजे गुणसूत्राच्या मधल्या गाठीपासून मोजत गेलं की एकोणचाळिसावी जागा. शेवटचं 'सी' जनुक डीएनएच्या कुठल्या धाग्यावर आहे ते सांगतं. हा पत्ता ॲक्टिन प्रथिनाच्या जनुकाचा. तुमच्या दंडाच्या स्नायूत असतं त्याच घराण्यातलं ॲक्टिन.

६. जीनोम वाचून तीस वर्षं होत आली. आता उरलं काय?

वाचणं आणि समजणं यांत फार अंतर आहे. मोडी कागदातली अक्षरं लागली म्हणजे जमिनीचा वाद कळला असं होत नाही. १९९६ मध्ये जनुकांची यादी हाती आली तेव्हा त्यातल्या पुष्कळांचं काम काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग अनेक प्रयोगशाळांनी मिळून एक अचाट काम केलं. एकेक जनुक काढून टाकलेले हजारो यीस्ट बनवले, प्रत्येकात एकच जनुक गायब. काढलेल्या जागी औषधाला दाद न देणारं एक जनुक बसवलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना २० अक्षरांची एकेक खूण ठेवली. ती खूण प्रत्येक स्ट्रेनची (म्हणजे यीस्टच्या वाणाची) वेगळी, किराणा दुकानातल्या बारकोडसारखी, आणि तिला बारकोडच म्हणतात.

खरी गंमत या बारकोडची आहे. हजारो स्ट्रेन एकाच फ्लास्कमध्ये घाला आणि त्यांना एखाद्या औषधात, मिठात किंवा उष्णतेत वाढू द्या. काही तासांनी सगळ्यांचा डीएनए एकत्र काढून फक्त बारकोड मोजा. ज्याचा बारकोड कमी झाला, तो स्ट्रेन मागे पडला, म्हणजे त्या परिस्थितीत त्या जनुकाची गरज होती. अख्ख्या जीनोमला एकाच फ्लास्कमध्ये विचारलेला प्रश्न! हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मला चहा गार झाल्याचंही कळलं नव्हतं.

पुढची पायरी म्हणजे दोन-दोन जनुकं एकदम काढणं. टोरांटोच्या चार्ल्स बून आणि ब्रेंडा अँड्र्यूज यांच्या गटांनी २०१६ पर्यंत अशा सुमारे २.३ कोटी जोड्या तपासल्या. एकेकटं काढलं तर पेशी जगते आणि दोन्ही काढली की मरते, अशा जोड्या सापडल्या की ती दोन जनुकं एकमेकांची बाजू सांभाळत होती हे कळतं.

७. जे जनुक काढल्यावर पेशी मरतेच, त्याचा अभ्यास कसा करणार?

अशी जनुकं सुमारे १,१०० आहेत. दोन वाटा वापरतात.

एक म्हणजे द्विसंची पेशी घ्यायची आणि दोनपैकी एकच प्रत काढायची. मग तिला उपाशी ठेवून बीजाणू करायला लावायचं. एका पिशवीत चार बीजाणू येतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने ते चारही वेगळे करून ओळीत मांडायचे. चारपैकी दोन वाढले आणि दोन नाही, असं प्रत्येक ओळीत दिसलं की जनुक जीवनावश्यक आहे. हात थरथरला तर सुई मोडते, आणि ती स्वस्त नसते.

दुसरी वाट लेलंड हार्टवेल यांची. २३ अंशांना नीट चालणारं आणि ३६ अंशांना बंद पडणारं जनुक शोधायचं. तापमान वाढवलं की पेशी नेमकी कुठल्या पायरीवर अडते ते पेशीला फुटणाऱ्या कळीच्या आकारावरून दिसतं. पेशीविभाजनाची कितीतरी जनुकं त्यांना अशी सापडली आणि २००१ चं नोबेल हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना मिळालं.

८. प्लेटवर कॉलनी गुलाबी-लाल आल्या. काहीतरी भलतंच वाढलंय का? टाकून देऊ?

थांबा! आधी स्ट्रेनचं नाव वाचा. मी एका वर्षी अशा अठरा प्लेट्स 'खराब' म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये घातल्या, आणि संध्याकाळी कळलं की मुलांचा प्रयोग तोच होता.

ॲडेनिन बनवण्याच्या साखळीतलं 'एडीई२' हे जनुक बिघडलं की आधीच्या पायरीचा माल पेशीत साठतो आणि लाल होतो. माध्यमात ॲडेनिन भरपूर असेल तर साखळीच मंदावते आणि कॉलनी पांढऱ्याच राहतात. कमी असेल तर दोन-तीन दिवसांत गुलाबी दिसतात, फ्रिजमध्ये ठेवल्या की आणखी गडद.

आता पुढची अडचण. त्याच लाल प्लेटवर मध्येच एखादी बारकी, पांढरी कॉलनी दिसते. मुलं म्हणतात, 'सर, ही बरी झाली.' बरी झालेली नसते. बऱ्याचदा तिच्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए गेलेला असतो. लाल रंग यायला श्वसन चालू लागतं, ते थांबलं म्हणून रंगही नाही आणि वाढही खुरटी. खात्री करायची तर साखरेऐवजी ग्लिसरॉल असलेल्या प्लेटवर टाका. श्वसन बंद असेल तर तिथे वाढणार नाही.

९. बेकरीतलं यीस्ट आणून जनुकशास्त्राचे प्रयोग करता येतील?

आंबवण्याचे येतील, जनुकशास्त्राचे नाही. बेकरीच्या यीस्टमध्ये बऱ्याचदा गुणसूत्रांचे दोनहून जास्त संच असतात आणि धड बीजाणूही होत नाहीत, त्यामुळे प्रश्न ७ मधली युक्ती चालत नाही. अभ्यासाचे स्ट्रेन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या संग्रहांतून शुल्क भरून मागवता येतात. ऑर्डर कॉलेजमार्फत द्या.

घरी करायचं असेल तर बाटलीत कोमट पाणी, लिंबाएवढा गूळ आणि चमचाभर यीस्ट घाला आणि तोंडाला फुगा लावा. गूळ आपल्याकडे जीआय मानांकनाचा, मग बाहेरून साखर कशाला आणायची! यीस्ट सुक्रोज बाहेरच फोडतं. 'एसयूसी२' या जनुकाचं एन्झाइम पेशीच्या बाहेर बसून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. ग्लुकोज भरपूर झालं की तेच जनुक बंद पडतं. झाकण घट्ट लावू नका, बाटली फुटते. आणि ते पाणी पिऊ नका.

१०. आमच्या डिस्टिलरीत मळीवर चालणारं यीस्ट आणि प्रयोगशाळेतलं यीस्ट एकच का?

जात एकच, स्वभाव वेगळा. गल्लीत कुस्ती खेळणारा आणि तालमीत वाढलेला पैलवान, असा फरक समजा.

ज्याचा जीनोम १९९६ मध्ये वाचला त्या प्रयोगशाळेच्या स्ट्रेनचं नाव एस२८८सी. त्याच्या वंशावळीतला मोठा वाटा १९३८ मध्ये कॅलिफोर्नियात एका सडक्या अंजिरावर सापडलेल्या यीस्टचा. हाताळायला सोपा म्हणून, पेशी एकमेकींना चिकटत नाहीत म्हणून तो निवडला. पेशी चिकटत नाहीत, कारण त्याचं 'एफएलओ८' जनुक बिघडलेलं आहे. म्हणजे जगाने ज्याला प्रमाण मानलं, तोच थोडा अधू. हे विद्यार्थ्यांना मी मुद्दाम सांगतो.

डिस्टिलरीतलं यीस्ट उष्णता, अल्कोहोल आणि मळीतलं मीठ सोसत पिढ्यानपिढ्या निवडलं गेलंय. ब्राझीलच्या इथेनॉल कारखान्यांतल्या यीस्टचे जीनोम तपासले तेव्हा बी१ आणि बी६ जीवनसत्त्वं बनवणाऱ्या जनुकांच्या जादा प्रती सापडल्या. साखर भरपूर आणि जीवनसत्त्व कमी, अशा ठिकाणी त्या कामी येतात. तुमच्या टाकीतल्या यीस्टमध्ये असंच आहे का, हे ते वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. २०१८ मध्ये जगभरातून गोळा केलेल्या १,०११ यीस्टचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले. तुमचं यीस्ट वाचून घेतलंत तर त्यांच्या शेजारी ठेवून बघता येईल.

११. 'फिशन यीस्ट' हे यीस्टचंच दुसरं नाव?

नाही, ती वेगळी जात: शायझोसॅकरोमायसिस पोम्बे. पोम्बे म्हणजे स्वाहिली भाषेत बिअर, पूर्व आफ्रिकेतल्या बिअरमध्ये ती मिळाली. आपलं यीस्ट कळी काढून वाढतं, ही लांबट पेशी बरोबर मधून दुभंगते. गुणसूत्रं तीनच. प्रश्न २ मधला नर्स यांचा प्रयोग याच जातीवरचा. आणि 'यीस्टमध्ये आरएनए इंटरफेरन्स (छोट्या आरएनएने जनुकं गप्प करण्याची यंत्रणा) नसतं' हे वाक्य बेकरीच्या यीस्टपुरतं खरं आहे, पोम्बेत ते असतं. परीक्षेत जातीचं नाव लिहा.

१२. शास्त्रज्ञांनी कृत्रिम यीस्ट बनवलं म्हणतात. म्हणजे जीव निर्माण केला?

जीव नाही, गुणसूत्रं बनवली. जिवंत यीस्टच्या आत मूळ गुणसूत्राचा एकेक तुकडा काढून त्या जागी रासायनिक पद्धतीने बनवलेला तुकडा घालत गेले. यीस्ट स्वतःच सारखे मजकूर जुळवून तुकडे जोडून घेतं, म्हणून हे जमतं. पहिलं पूर्ण गुणसूत्र २०१४ मध्ये झालं आणि त्यात अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांचा हात होता. शेवटचं २०२५ च्या जानेवारीत जाहीर झालं. बनवताना मजकूर बदललाही. तीन प्रकारच्या 'थांब' खुणांपैकी एक प्रकार सगळीकडून काढून टाकला आणि तरीही पेशी जगते का ते बघितलं.

१३. संग्रहातून म्युटंट (जनुक काढलेला स्ट्रेन, प्रश्न ६) मागवला, पण शोधनिबंधातल्यासारखा वागत नाही. आमचं काय चुकलं?

कदाचित काहीच नाही. हा प्रश्न एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवाल्यांकडून दर मार्चमध्ये येतो, डोळ्यांत पाणी घेऊन.

जनुक काढलेली पेशी गप्प बसत नाही. वाढ मंदावली की पिढ्यांमागून पिढ्या एखादी भरपाई करणारी पेशी निपजते आणि तीच प्लेट व्यापते. कधी दुसरं म्युटेशन होतं, तर कधी एखादं गुणसूत्र जादा घेतलं जातं. २००० सालच्या एका तपासणीत संग्रहातल्या सुमारे ८ टक्के स्ट्रेनमध्ये गुणसूत्रांचा हिशेब बिघडलेला आढळला. दुसरं कारण शेजारधर्माचं. जनुकं खेटून असल्यामुळे (प्रश्न ३) एक काढताना शेजारच्याचा चालू-बंद करणारा भाग दुखावतो, आणि तुम्ही मेलेल्याच्या नावावर शेजाऱ्याचं दुखणं लिहिता.

मी तीन गोष्टी करायला लावतो. आधी पीसीआर करून योग्य जनुकच गायब आहे का ते बघा, लेबलवर विश्वास नको. मग त्याला मूळ स्ट्रेनशी फळवा आणि चार-चार बीजाणूंत तुमचं लक्षण औषध सोसणाऱ्या खुणेबरोबरच जातंय का ते तपासा. शेवटी काढलेलं जनुक प्लाझमिडवर (डीएनएच्या छोट्या सुट्या कडीवर) परत द्या. लक्षण गेलं तर दोष त्याच जनुकाचा. परत देऊनही लक्षण राहिलं तर दोष दुसरीकडे आहे, आणि तुमचा प्रोजेक्ट आत्ता कुठे मनोरंजक झालाय. गाइडना हे पटवणं माझ्या हातात नाही.

१४. आमच्या घरी जैन आचार पाळतात. यीस्ट मारणं चालतं का?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, आणि तो मला मनापासून विचारलेला असतो. धर्माचं उत्तर घरच्या वडीलधाऱ्यांकडून आणि महाराजांकडून घ्या. माझ्याकडचं एवढंच: यीस्ट सजीव आहे, बुरशी आहे, आणि त्याला मज्जासंस्था नाही. एका विद्यार्थिनीने यावर वाट काढली. ती प्लेट्स दुसऱ्यांना करू देते आणि स्वतः संगणकावर जीनोमचं विश्लेषण करते. तिचा निकाल वर्गात सगळ्यात चांगला लागला.

१५. जनुक बदलायचं तर परवानगी लागते का?

प्राण्यांसाठीची नीतिसमिती यीस्टला लागू नाही. पण जनुकीय बदल करणार असाल तर १९८९ च्या नियमांप्रमाणे संस्थेची जैवसुरक्षा समिती मध्ये येते. काम सुरू करण्याआधी विभागप्रमुखांना विचारा. प्रश्न ९ मधल्या फुग्याला काही लागत नाही.

१६. स्ट्रेन जपून कसा ठेवायचा? आमच्याकडे उणे ८० चा फ्रीझर नाही, आणि लाइट जाते.

प्लेट साध्या फ्रिजमध्ये पॅराफिल्म लावून तीन-चार आठवडे ठेवता येते. त्यापुढे नको, प्रश्न १३ मधली भरपाईवाली मंडळी वर येतात. १५ ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. फ्रीझर नसेल तर जवळच्या विभागात एक डबा ठेवायची विनंती करा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

तेही जमत नसेल तर निर्जंतुक गाळणकागदाच्या तुकड्यावर दाट यीस्टचा थेंब टाका, पूर्ण वाळवा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. लाइट गेली तरी या वाळलेल्या कागदाला फारसा फरक पडत नाही. पावसाळ्यात मात्र डबा उघडण्याआधी त्याला खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. पाकिटावर स्ट्रेनचं नाव आणि तारीख पेन्सिलने लिहा. मार्कर अल्कोहोलने पुसला जातो, आणि मग चार पाकिटं कोणाची यावरून भांडणं होतात.